‘साधीच तर गाडी आहे!’

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या राजूरसारख्या गावात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. पोराला पुढं कुठं घालायचं, आणि गाडी कोणती घ्यायची. ‘घ्यायची का?’ हा प्रश्न आता कुणी विचारतच नाही. जालना इथून पंचवीसेक किलोमीटर. कॉलेज तिकडं, क्लास तिकडं. एसटी आहे, पण क्लास सुटायची वेळ आणि एसटीची वेळ जुळेलच असं नाही. मग माल विकला की शंभर सीसीची गाडी दारात येते. हार घालून, नारळ फोडून राजुरेश्वरासमोर तिची पूजा होते. “साधीच तर आहे, काही बुलेट नाही,” असं म्हणत चावी पोराच्या हातात पडते.

मैत्रिणींनो, माझं भांडण आहे ते या ‘साधी’ शब्दाशी. शंभर सीसीची गाडी पेट्रोलला साधी, दुरुस्तीला साधी, हप्त्यालाही साधी. पण ती ऐंशीच्या वेगानं सहज पळते आणि त्या वेगात माणूस पडला तर रस्ता काही गाडीचं इंजिन किती सीसीचं ते विचारत नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची होती. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले. आणि हे सगळं मुंबई-पुण्याच्या गर्दीत होतं असं समजू नका. दर तीन मृत्यूंमागे दोन ग्रामीण भागातले आहेत, म्हणजे आपल्याच रस्त्यांवरचे.

आधी वयाचं बोलते, कारण तिथंच आपण कायद्याकडं सर्रास डोळेझाक करतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचा. गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. कुणाला लागलं आणि भरपाईचा दावा झाला, तर विमा कंपनी पैसे भरून ते मालकाकडून वसूल करू शकते. मालक म्हणजे बहुतेक वेळा मुलाचा बाप, आणि वसुली म्हणजे शेत. बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगते तेव्हा दंडाच्या आकड्याला बायका हसतात, शेताचं नाव निघालं की गप्प होतात.

आता अठरा झाले, परवाना आला, तरी गाडी शिकवतं कोण? शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी चाचणी देता येते. हे तीस दिवस सरावासाठी असतात. आपल्याकडं ते ‘एजंटाकडं कागद दिलेत’ म्हणण्यात जातात. चुलत भाऊ मागं बसतो, क्लच-गिअर दाखवतो, शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या झाल्या की झालं शिकून. गाडी पळवणं एका दिवसात येतंच हो. थांबवणं यायला महिना लागतो.

थांबवण्याचं साधं गणित बघा. साठच्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. समोर शेळी आली हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढा एक सेकंद गेलेला असतो, आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. तिसाच्या वेगात जी शेळी वाचते ती साठला वाचत नाही, आणि शेळीबरोबर पोरगंही.

दुसरं, पुढच्या ब्रेकची भीती. “पुढचा दाबू नको, उलटशील,” हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खरं तर ब्रेक लागताच सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवण्याचं मुख्य काम तेच चाक करतं. मात्र तो ब्रेक झटक्यानं नाही, हळूहळू दाब वाढवत, मागच्याबरोबर आणि हँडल सरळ असताना दाबायचा. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो अशी सोय सक्तीची झाली. त्याहून मोठ्या गाड्यांना चाक जाम न होऊ देणारं एबीएस आलं. छोट्या गाड्यांनाही ते द्यावं असा मसुदा केंद्रानं जून २०२५ मध्ये काढला. चांगलंच आहे. पण आपल्याकडं शिकायला मिळते ती काकाची दहा वर्षं जुनी गाडी. तिला यातलं काहीच नाही. म्हणून आधी मोकळ्या मैदानात चुन्याची रेघ मारा आणि वीस, तीस, चाळीसच्या वेगानं येऊन त्या रेघेवर थांबायला लावा. रेघ चुकली की परत. माझं ऐकाल तर हे जमेपर्यंत मुख्य रस्ता नकोच.

रस्ता तरी कसला! पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून वर आले की चाकांची काळी माती डांबरावर पसरते. वरून दोन थेंब पडले की तेलावरून चालल्यासारखं होतं. सोंगणीनंतर अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घातलेला असतो. ऊसतोडीच्या दिवसांत अंधारात ट्रॉली उभी असते, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. जालन्याच्या स्टील कारखान्यांतले सळयांचे ट्रक वेगळेच, मागं सळया बाहेर आलेल्या. आणि अंगारकीच्या आदल्या रात्री तर अख्खा रस्ता पायी येणाऱ्या भाविकांचा. त्या रात्री गाडी काढायचीच असली तर तिसाच्या वर नको. रात्री नेहमीसाठी एकच नियम, दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग.

छोट्या गाडीचा खरा दोष ओव्हरटेक करताना कळतो. तिला ऐनवेळी ओढ नसते, त्यात मागं दोघं असले तर विचारूच नका. पन्नासनं जाणाऱ्या ट्रकला तुम्ही साठनं ओलांडायला गेलात, तर ट्रकची लांबी आणि पुढंमागं थोडी जागा धरून तीसेक मीटर कापायला दहा-अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १८० मीटर पुढं गेलात आणि समोरून साठनं येणारी जीप तेवढीच जवळ आली. म्हणजे साडेतीनशे मीटरहून जास्त रस्ता मोकळा दिसायला हवा. आपल्या वळणावळणाच्या रस्त्यावर तो कुठं दिसतो? ट्रकच्या मागं दहा मिनिटं गेली तर जाऊ द्यावीत.

एवढं सगळं मी चालवणाऱ्याचं बोलले. मागं बसणारी कोण? आपणच. दवाखाना, माहेर, चतुर्थीचं दर्शन, सगळं मागच्या सीटवरून. २०२२ मध्ये हेल्मेट नसल्यानं जे ५०,०२९ लोक गेले, त्यात १४,३३७ मागं बसलेले होते. हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे, हे कित्येक घरांत माहीतही नाही. घरात हेल्मेट एकच, तेही टाकीवर किंवा आरशाला लटकवलेलं. विकत घेताना आयएसआयची खूण बघा. जून २०२१ पासून ती नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपीसारखी हेल्मेटं मिळतातच. डोक्याला घट्ट बसलं पाहिजे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला पाहिजे, नाहीतर पडताना माणसाच्या आधी हेल्मेट उडतं. अंबाड्यावर ते बसत नाही ही आपली अडचण खरी आहे. त्या दिवशी वेणी घाला.

साडीचं तर विचारूच नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारी जाळी, पकडायला कडी आणि पाय ठेवायला पायरी गाडीला असलीच पाहिजे असा केंद्राच्या मोटार वाहन नियमांत नियमच आहे. आणि पोरं गाडी ‘फॅशनेबल’ करायला पहिल्यांदा ती जाळीच काढून टाकतात! आईच्या साडीसाठी लावलेली जाळी पोराला गावठी वाटते. घरात अशी गाडी असेल तर जाळी परत बसवून घ्या, तोवर मागं बसू नका. पदर कमरेला खोचा, ओढणीची आणि तोंडाला बांधलेल्या स्टोलची टोकं आत घ्या. ड्रेस असेल तर दोन्हीकडं पाय टाकून बसा, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर २०२२ च्या नियमानुसार त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग चाळीसच्या आत हवा. मांडीवर धरलेलं मूल धक्क्याला हातात राहत नाही.

“हळू चालव” म्हटलं की नवरा हसतो, पोरगं चिडतं. चिडू दे. “थांबव, मी उतरते,” म्हणायचा हक्क मागच्या सीटलाही आहे. आमच्या गटातल्या एका बाईनं भर रस्त्यात असं म्हटलं आणि खरोखर उतरून एसटीची वाट बघत बसली. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत निम्मंच तिकीट आहे, हेही लक्षात असू द्या. क्लासच्या वेळेला गाडी मिळत नसेल तर ग्रामसभेत बायकांनी उठून तसा ठराव मागायला हवा. पोरांना आपण गाड्या घेऊन देतो, त्यातल्या कितीतरी या एका न येणाऱ्या फेरीमुळं.

आणि अपघात दिसलाच तर १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायची, साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, कायद्यानंच तसं संरक्षण दिलंय. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाच्या उपचारांची केंद्राची योजनाही आहे. दवाखान्यात गेल्या गेल्या तिचं नाव घ्या. जखमीचं हेल्मेट मात्र ओढून काढू नका, मानेला लागलेलं असू शकतं. पट्टा सैल करा, श्वास मोकळा आहे का बघा आणि गाडी येईपर्यंत त्याला हलवू नका.