बटाट्यातला स्टार्च बदलला, पण कोणासाठी?



"जीन बदललेला स्टार्चचा बटाटा येणार, मग शेतकऱ्याची चांदी" असं हल्ली बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकतोय. माझा जीएमला सरसकट विरोध नाही. पण ह्या बटाट्याची गोष्ट बीटी कपाशीसारखी नाही, म्हणून लिहितोय.

घरी बटाट्याचा कीस धुताना पातेल्याच्या बुडाशी पांढरा साका बसतो ना, तोच स्टार्च. त्यात दोन जाती असतात. साधारण चार भाग अमायलोपेक्टिन आणि एक भाग अमायलोज. अमायलोजवाली खळ गार झाली की घट्ट होते, पाणी सोडते. कागद गुळगुळीत करणारे, सुताला खळ देणारे, डिंक बनवणारे, ह्यांना ते नको असतं. ते वेगळं काढायचं किंवा रसायनाने सुधारायचं म्हणजे खर्च. मग शास्त्रज्ञांनी काय केलं, अमायलोज बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक उलटं करून बटाट्यात घातलं. त्याने मूळ जनुक गप्प बसतं आणि बटाट्यात जवळपास नुसतं अमायलोपेक्टिन तयार होतं. बीएएसएफ कंपनीचा 'अम्फ्लोरा' तो हाच.

त्याचं पुढं काय झालं बघा. परवानगीचा अर्ज १९९६ चा, युरोपात लागवडीला मंजुरी मिळाली मार्च २०१० मध्ये. चेक, स्वीडन आणि जर्मनीत थोडीशी लागवड झाली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये अम्फ्लोराच्या वावरात त्याच कंपनीचा दुसरा, मंजुरी नसलेला जीएम बटाटा निघाला. बेण्यात भेसळ! जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने युरोपातलं काम गुंडाळलं. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या कोर्टाने मंजुरीच रद्द केली. त्यात अँटिबायोटिकला दाद न देणारं एक खुणेचं जनुक होतं, त्यावरून बरीच वर्षं वाद चालला होता.

आता माझा मुद्दा. ह्या बटाट्याने करप्याचा एकतरी फवारा वाचला? नाही. उतारा वाढावा, पाणी कमी लागावं, ह्यासाठी तो केलाच नव्हता. बीटी कपाशीत निदान सुरुवातीला बोंडअळीचे फवारे आपले वाचले, फायदा आपल्या वावरात दिसला. इथं फायदा सगळा कारखान्याच्या हौदात. आपल्याला काय, तर बेणं वेगळं ठेवा, गोण्या वेगळ्या ठेवा, खायच्या बटाट्यात मिसळू देऊ नका.

आणि गंमत म्हणजे असा बटाटा जनुक न घालताही झाला. नेदरलँड्समध्ये अवेबे नावाची स्टार्चची सहकारी संस्था आहे, मालक बटाटा उत्पादक शेतकरीच. त्यांचा 'एलियाने' वाण साध्या पैदाशीतून आला. काम सोपं नव्हतं, कारण बटाट्यात प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असतात, चारही निकामी झाल्याशिवाय अमायलोज थांबत नाही. पण कारखाना शेतकऱ्यांचा, म्हणून खर्च वाचला तर पैसा त्यांच्याच घरात. शिवाय युरोपात स्टार्चच्या बटाट्याचे पैसे स्टार्चच्या टक्क्यावर मिळतात. नमुना पाण्यात तोलतात, त्यावरून टक्का काढतात. आपल्या डेअरीत फॅट लावतात तसंच समजा.

आपल्याकडं काय चालतं? आमच्या सातगाव पठारावर खरिपात चिप्सच्या बटाट्याचे करार होतात. कंपनीला साखर कमी आणि कोरडं वजन जास्त पाहिजे. साखर जास्त निघाली की तळल्यावर चिप्स काळे पडतात. माझी एक गाडी अशीच गेटवरून परत आली, भाडं दोन्ही बाजूंनी माझ्याच माथी. बरं, एका वर्षी माल एकदम उत्तम उतरला, तर दहा पैसे जास्त मिळाले? नाव नको. खराब गुणाचा दंड आहे, चांगल्या गुणाचं बक्षीस नाही.

आपली खरी गरज अमायलोज नाही, ही साखर आहे. बटाटा दोन-चार अंशाला कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला की स्टार्च मोडून साखर होते. म्हणून चिप्सचा माल दहा-बारा अंशाला ठेवावा लागतो, मग कोंब धरतो. थंडीतही गोड न होणारा आणि करप्याला टिकणारा बटाटा द्या, मी पहिल्या दिवशी लावीन. मग तो जीएम असो, नाहीतर सिमल्याच्या संस्थेच्या कुफरी चिप्सोनासारखा साध्या संकराचा असो.

हे आत्ताच का लिहितोय? बाहेरचं जनुक न घालता, आहे तेच जनुक बारीक कापून बदलायचं तंत्र आता आलंय. स्वीडनच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी बटाट्यातलं अमायलोज त्या तंत्राने बंद करून दाखवलंय. आपल्या सरकारने मार्च २०२२ मध्ये अशा पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीरही झाले. उद्या बटाट्याचा नंबर लागू शकतो, आणि तेव्हा "हे जीएम नाही" एवढं सांगून बेणं हातात देतील.

तेव्हा येत्या खरिपाच्या कराराच्या बैठकीत मी विचारणार आहे. गुणाचा टक्का मोजणार असाल तर टक्क्यावर दर किती, तो लागवडीआधी लिहून द्या. नमुना आमच्यासमोर घ्या, अर्धा आमच्याकडं ठेवा. आणि नापास मालाचं भाडं कोण देणार तेही कागदावर येऊ द्या. तुमच्या भागात ह्यातलं काही कराराच्या कागदावर आहे का? असेल तर खाली फोटो टाका, नावं झाकून.