कापसाचे बोंड आणि मोबाइलमधील छायाचित्र

नागपूर : कापसावर कीड दिसली की विदर्भातील शेतकरी पूर्वी किडलेले पान खुडून कृषी सेवा केंद्रात नेत असे. आता तो छायाचित्र काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात पाठवतो आणि थोड्याच वेळात औषधाचे नाव व प्रमाण त्याच्या हाती येते. ही सोय लहान नाही. मात्र गुलाबी बोंडअळीपुढे ती अपुरी पडते, असे आम्हांला वाटते.

ही अळी बोंडाच्या आत राहते. वरून बोंड निरोगी दिसते, म्हणून छायाचित्रही निरोगी बोंडाचेच येते. तिला शोधायचे तर कामगंध सापळे लावून सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडतात का, हे मोजावे लागते. डोमकळ्या शोधाव्या लागतात, हिरवी बोंडे फोडून पाहावी लागतात. दहांपैकी एक किडके निघाले, तरच फवारणीची वेळ आली असे समजतात. गटातील सल्लागाराने प्रथम विचारावे ते हेच : बोंडे फोडून पाहिली का?

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने 'ई-कपास' उपक्रमातून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर आवाजी संदेश पाठवले होते. वाचता न येणाऱ्यालाही ते समजत. पण ध्वनिमुद्रित संदेशाला प्रतिप्रश्न करता येत नाही. गटात तो करता येतो, हेच त्याचे खरे बळ आहे. संदेश पुढे पुढे ढकलला गेला की हे बळ संपते. तो कोणी, कोणत्या तारखेला, किती दिवसांच्या पिकासाठी लिहिला, हे कळत नाही. साठ दिवसांच्या पिकाचा सल्ला शंभर दिवसांच्या पिकावर फवारला जातो.

चुकीच्या फवारणीची किंमत यवतमाळने २०१७ मध्ये मोजली. कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. निरनिराळी औषधे एकत्र मिसळणे आणि अंगावर संरक्षक कपडे नसणे, ही त्यामागची कारणे पुढे आली. दोष मोबाइलचा नव्हता. पण पाठीवर पंप असतो तो पुष्कळदा मजुराच्या, आणि गटात असतो तो शेतमालक. औषध किती घ्यायचे हे गटात सांगितले जाते. हातमोजे, तोंडावरील मास्क आणि वाऱ्याची दिशा यांविषयीच्या ओळी वाचून दाखवणारे मात्र बांधावर बहुधा कोणी नसते.