जवळचा समुद्र, दूरचा समुद्र

नवरात्रात घट बसले, की आमच्या घरात आणखी एक गोष्ट बसते: दिवाळीच्या सुटीत कुठे जायचे हे ठरवणारी बैठक. समुद्रावर जायचे, याविषयी दुमत नसते. वाद असतो तो कोणत्या समुद्रावर, एवढाच. आणि तो वाद माझ्या वयाहून जुना आहे. कारण आमचे नाना अलिबागचे आणि आई मालवणची!

अलिबागची बाजू तशी भक्कम. मुंबईहून जेमतेम शंभर किलोमीटर. लाँचने तासाभरात मांडवा, तिथून बस, आणि दुपारच्या पानात वालाचे बिरडे. नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आंग्र्यांचा कुलाबा किल्ला आहे, आणि ओहोटीला त्या किल्ल्यात चालत जाण्याची मौज आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी चुंबकीय मोजमापे बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागेस वेधशाळा उभी राहिली. "शास्त्रज्ञांनीसुद्धा अलिबागच निवडलं!" हे नानांचे ठेवणीतले वाक्य.

मालवण पडले पाचशे किलोमीटरवर. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली खरी, पण दिवाळीत तिचे आरक्षण मिळणे म्हणजे पूर्वजन्मीचे सुकृत. कुडाळला उतरून पुन्हा तासाभराचा रस्ता. पण तिथे गेले की तारकर्लीची वाळू, कर्लीची खाडी, सोलकढी, गुळाचा खाजा आणि ऐन समुद्रात महाराजांचा सिंधुदुर्ग! १६६४ साली त्याचे काम सुरू झाले. आई सांगायची, "भोवती खारं पाणी, आणि किल्ल्यात तीन विहिरी गोड्या पाण्याच्या. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव."

"आणि श्रीखंडबाव कुठे गेली?" नाना विचारायचे. "गोडं पाणी आमच्या कुलाब्यातही आहे. पण आम्ही त्याची पक्वान्नं करत नाही."

"एकदा चला, म्हणजे दाखवते," आई म्हणायची.

"पुढच्या वर्षी नक्की," नाना म्हणायचे.

आई आम्हा भावंडांना घेऊन माहेरी जाई. नानांना कचेरीतून रजा मिळत नसे. चार दिवसांची रजा मिळाली, की जवळचे म्हणून अलिबाग. पुढे नाना निवृत्त झाले, रजेचा प्रश्न मिटला, तर गुडघ्यांचा सुरू झाला. त्या 'पुढच्या वर्षी'ला अशी पन्नास वर्षे उलटली, आणि आई गेली.

गेल्या वर्षीच्या बैठकीत मुले मालवण म्हणाली. मी खर्चाचा कागद पुढे ओढला. नानांनी तर डोळे मिटून बोटांवर हिशेबच मांडला. "आपण पोचू चतुर्थीला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. चहा घेऊन निघालात तर पायी किल्ल्यात! मालवणला होड्यांच्या भानगडी कुणी सांगितल्यात?"

हिशेब बिनतोड होता. मी 'अलिबाग' असे लिहूनही टाकले.

रात्री सौ. म्हणाली, "अहो, नानांनी आज नातवाला तीनदा विचारलं, कुडाळला गाडी किती वाजता पोचते म्हणून."

"मग अलिबागचा एवढा आग्रह कशाला?"

"पन्नास वर्षं ज्यांच्याशी वाद घातला, त्या नसताना तिथं जायचं. जड जात असेल हो त्यांना."

सकाळी मी कागद फाडला. नानांनी कुरकुर केली, पण गुडघ्याचे पट्टे सर्वांच्या आधी पिशवीत भरले.

मालवणच्या धक्क्यावरून होडीत चढताना दोन नावाड्यांनी त्यांना अलगद उचलून आत ठेवले. किल्ल्यात ते तटावर चढले नाहीत. काठी टेकीत टेकीत विहिरींपाशी मात्र गेले. पहिली पाहिली, दुसरी पाहिली, तिसरीपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले. मुलांनी फोटोसाठी हाक मारली तरी वळले नाहीत. मग कोणाशी बोलावे तसे हळूच म्हणाले, "तीन आहेत खऱ्या."

मी समुद्राकडे पाहण्याचे निमित्त केले.

वाचकहो, यंदाही घरोघरी असाच खल चालला असेल. अंतर मोजा, भाडे मोजा, खोलीचे दर विचारा. संसारी माणसाला त्यावाचून गत्यंतर नाही. पण त्याच कागदावर आणखी एक रकाना आखा: बरोबर येणाऱ्यांपैकी कोणाला कोणते ठिकाण पाहायचे राहिले आहे? जवळचा समुद्र कुठे जात नाही. एखाद्या शनिवारीसुद्धा तो गाठता येतो. दूरच्याला मात्र गुडघे शाबूत असेपर्यंतच जाता येते, आणि 'दाखवते' म्हणणारे माणूस सोबत असेपर्यंतच त्याची खरी गोडी. आम्ही हा रकाना आखला तो उशिरा, आणि म्हणून अर्धाच भरला.

परतीच्या गाडीत सौ.ने विचारले, "नाना, पुढच्या वर्षी कुठं जायचं?"

"अलिबाग!" नाना ताडकन म्हणाले. मग खिडकीबाहेर पाहत त्यांनी पुस्ती जोडली, "पण कुलाब्यातल्या त्या गोड्या पाण्याला काहीतरी नाव ठेवलं पाहिजे. ही हसायची आपल्याला."