काठ कोणाचा?

नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजना आज गावोगावी जाहीर होत आहेत. त्यांच्या नकाशांत कारंजी असतात, दिव्यांच्या रांगा असतात. नसतो तो काठावर राहणारा माणूस. सुशोभनाचा पहिला घाव झोपडीवर आणि हातगाडीवर पडावा, हा जणू शिरस्ताच होऊन बसला आहे.

वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्या कारकिर्दीने या शिरस्त्याला छेद दिला, म्हणूनच तिची दखल घेणे अगत्याचे आहे. मुंबईच्या निवारा हक्क चळवळीत झोपडीवासीयांबरोबर उभे राहिलेल्या दास यांनी वांद्र्याचा बँडस्टँड आणि कार्टर रोड येथील उपेक्षित किनारे रहिवाशांच्या सहभागाने सर्वांना फिरण्यासाठी खुले केले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून उठविल्या गेलेल्या हजारो कुटुंबांसाठी चांदिवलीत उभ्या राहिलेल्या संघर्षनगराची रचनाही त्यांचीच. नाले, खाड्या, तलाव आणि किनारे यांना एकाच सार्वजनिक जाळ्यात गुंफणारा आराखडा त्यांनी २०१२ साली ‘ओपन मुंबई’ प्रदर्शनातून मांडला. २०१६ साली त्यांना जेन जेकब्ज पदक लाभले.

किनारा सुधारला की लगतच्या जमिनीचे भाव चढतात आणि लाभ मालदारांच्या पदरात पडतो, हा आक्षेप खोटा नाही. पण म्हणून किनारा घाणीतच ठेवावा काय? एका खोलीत संसार करणाऱ्या कामगारालाच मोकळ्या जागेची गरज सर्वाधिक असते. धनिकाला त्याचा बंगला आहे. निवारा आणि मोकळी जागा या दोन मागण्या एकमेकींपासून तोडल्या की दोन्ही दुबळ्या होतात. दास यांच्या कार्याचा खरा अर्थ त्या एकत्र ठेवण्यात आहे.

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून येणारी वाघूर नशिराबादच्या परिसरातून पुढे तापीला मिळते. तिच्यावरील धरणाचे पाणी जळगाव शहर पिते. महामार्गालगतच्या अशा गावांत शेताचे प्लॉट होण्यास वेळ लागत नाही. एकदा प्लॉट पडले की नदीकाठ, गायरान, ओढा यांवरील सामुदायिक हक्क कागदावरच उरतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी अर्ज-विनंत्यांवर थांबू नये. सार्वजनिक जमिनीचा नकाशा गावकऱ्यांनी स्वतः तयार करावा, तो गावासमोर जाहीर वाचावा आणि काठावरील एकाही कष्टकऱ्याला पर्यायी घराशिवाय हलविले जाणार नाही, ही अट सर्वांत वर लिहावी. नकाशा ज्याच्या हाती, त्याचाच काठ होतो.