खांब मैदानात हवा

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर, १९४५ साली जपानमधील शाळांत युद्धकला शिकवण्यास बंदी आली. तरीही कराटे टिकले. शिक्षकांनी १९४९ मध्ये संघटना उभारली, नियम व गुण ठरवले आणि १९५७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरवली. लढाईची विद्या मुलांचा खेळ झाली.

आपल्या मल्लखांबाचेही तसेच. दुसऱ्या बाजीरावांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी पहिलवानांच्या या व्यायामाला नवी उभारी दिली. पुढे तोही गुणांवर खेळला जाऊ लागला. २०१३ मध्ये तो मध्य प्रदेशाचा राज्यखेळ झाला. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

मग भोपाळच्या आपल्या शाळेत तो वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनातच का दिसावा? ‘स्पर्धेने जुनी कला बिघडते’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की कराटे बदलले म्हणूनच उरले. विश्वस्तांनी मैदानात एक खांब रोवावा, जाणता प्रशिक्षक नेमावा. पालकांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना शिकवणीतून मोकळे करावे. मुलींनाही अवश्य पाठवावे. टाळ्या एका दिवसाच्या असतात, अंग मात्र नित्य सरावानेच घडते.