आखाताकडे निघताना : सुरक्षिततेची सुरुवात घरापासून

१२ जून २०२४ रोजी पहाटे कुवेतमधील मंगाफ येथे परदेशी कामगारांच्या निवासी इमारतीस आग लागली. मृतांमध्ये चाळीसहून अधिक भारतीय होते. अनेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने घेतला. देशभर हळहळ व्यक्त झाली, आणि काही दिवसांतच आखाताकडे जाणारी विमाने पूर्ववत भरून जाऊ लागली. यात नवल नाही. वसईपासून गोव्यापर्यंत कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांची घरे आखातातील कमाईवर उभी राहिली आहेत. म्हणूनच 'जाऊ नका' असे सांगण्यापेक्षा 'जाणाऱ्याने सुरक्षित कसे राहावे' याचा विचार आम्हांस अधिक अगत्याचा वाटतो.

नवख्या स्थलांतरिताचा खरा धोका एकटेपणात व परावलंबनात आहे. आखातातील 'कफाला' पद्धतीत कामगाराचा निवासी परवाना त्याच्या मालकाशी, म्हणजे 'कफील'शी, जोडलेला असतो. नोकरी, निवारा आणि कायदेशीर वास्तव्य या तिन्ही गोष्टी एकाच हाती एकवटल्या की अन्यायाविरुद्ध बोलणे कठीण होते. कतारने २०२० मध्ये व सौदी अरेबियाने २०२१ मध्ये नोकरी बदलण्याचे नियम शिथिल केले, हे स्वागतार्ह आहे. तथापि कायदा आणि व्यवहार यांत अद्याप अंतर आहे.

हे परावलंबन पुष्कळदा गावातच, एजंटाच्या दारात सुरू होते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते. त्याने कामगाराकडून घ्यावयाच्या शुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर इतकी आहे. नोंदणीकृत एजंटांची नावे केंद्र शासनाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येतात. दहावी न झालेल्यांना आखातात नोकरीस जाण्यापूर्वी शासनाची मंजुरी घ्यावी लागते व दहा लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमाही उतरवावा लागतो. दहावी उत्तीर्णांना सामान्यतः ही मंजुरी लागत नाही. आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक तरुण याच वर्गात मोडतात. त्यांच्या कागदपत्रांची छाननी शासन करीत नसल्याने ती त्यांनी स्वतःच करावयास हवी. 'आधी पर्यटक व्हिसावर जा, मग पाहू' असे सांगणारा एजंट आपणांस बेकायदेशीर कामगार बनवीत असतो, हे ध्यानात ठेवावे.

सामान बांधतानाही सावधगिरी हवी. खसखस आपल्या मसाल्यात नित्याची. संयुक्त अरब अमिराती व सौदी अरेबियात मात्र तिला बंदी आहे. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी विनापरवाना नेल्यास तुरुंगाची वेळ येऊ शकते. कोणा परिचिताने दिलेले पुडके उघडून पाहिल्याविना नेऊ नये.

तेथे पोहोचल्यावर पहिले काही आठवडे निर्णायक असतात. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे कुवेत, कतार, सौदी अरेबिया व अमिरातीत नियमबाह्य आहे. पासपोर्ट व करारपत्राच्या प्रती घरीही ठेवाव्यात. वेतन बँकेतून घ्यावे. राहत्या इमारतीतून बाहेर पडण्याच्या वाटा पहिल्याच दिवशी पाहून ठेवाव्यात. छळ झाला तरी काम सोडून पळून जाऊ नये. 'फरार' अशी तक्रार मालकाने नोंदविली की पीडितच गुन्हेगार ठरतो. त्याआधी भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. अडचणीतील भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ पासून कल्याण निधी आहे. केंद्र शासनाच्या 'मदद' संकेतस्थळावर कुटुंबीयही येथूनच तक्रार नोंदवू शकतात.

मालकाव्यतिरिक्त चार माणसे ओळखीची होणे हेही संरक्षणच आहे. कुवेत, दुबई व दोहा येथील कॅथलिक चर्चमध्ये अनेक भाषांतून मिस्सा होतात, आणि मिस्सेनंतरच्या गप्पांतून चांगली खोली, विश्वासू वकील वा नव्या नोकरीची वार्ता मिळते. सौदी अरेबियात मात्र चर्च नाही व अन्य धर्मीयांच्या सार्वजनिक उपासनेस मुभा नाही, याची जाणीव ठेवूनच तेथे जावे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात स्वागत, संरक्षण, संवर्धन व समावेश ही चार कर्तव्ये सांगितली होती. स्वागत परक्या भूमीत होईल. संरक्षणाचा आरंभ मात्र आपल्या धर्मग्रामात होऊ शकतो. आखातात वीस-वीस वर्षे काढून परतलेली माणसे आपल्या गावोगावी आहेत. निघणाऱ्या तरुणाने आपले करारपत्र घेऊन एक संध्याकाळ त्यांच्यापाशी बसावे, आणि त्यांनी ते ओळन् ओळ वाचून द्यावे. अशी सोय प्रत्येक धर्मग्रामाने करावी, असे आम्ही सुचवितो.