हॅलोवीन, काळी चौदस आणि आपली सोसायटी

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला एक गंमत झाली. पहाटे आपल्या घरी नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान झाले आणि त्याच दिवशी संध्याकाळी जगभर हॅलोवीन होता. आदल्या रात्री आपल्या गुजराती शेजाऱ्यांची काळी चौदस होऊन गेली होती. सुरतेतल्या नव्या सोसायट्यांमध्ये हल्ली ऑक्टोबरअखेरीस मुलांना भुताखेतांचे कपडे घालून पार्ट्या होतात, आणि त्यावरून घराघरांत वाद होतात. आजी-आजोबांना हे परके खूळ वाटते, मुला-सुनांना त्यात वावगे काही दिसत नाही. आपल्या सभासदांतही हे दोन्ही पक्ष आहेत. आम्हाला वाटते, ‘परके की आपले’ या खात्यात ही नोंद टाकणेच चुकीचे आहे.

हा सण मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागताना मेलेल्यांचे आत्मे फिरतात, अशी तिथली जुनी समजूत. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची ही आदली रात्र. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात बटाट्याचे पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, लाखो आयरिश अमेरिकेला गेले. तिथे भोपळा मुबलक आणि कोरायला सोपा, म्हणून सलगमाच्या जागी भोपळा आला. म्हणजे ज्याला आपण ‘अमेरिकन’ म्हणतो तो सण पोटासाठी गाव सोडलेल्या माणसांनी पदराला बांधून नेलेला आहे. खानदेशातून येऊन लिंबायत-उधन्यात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. आखाजीला पितरांच्या नावाची घागर ती इथेही भरतातच.

अमेरिकेत आता त्याचा बाजार झाला आहे. तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२४ च्या हॅलोवीनचा खर्च ११.६ अब्ज डॉलर धरला होता, म्हणजे तेव्हाच्या दराने ९५ हजार कोटी रुपयांहून अधिक. (हा ग्राहकांना विचारून काढलेला अंदाज आहे, ताळेबंद नव्हे, जुनी सवय, म्हणून सांगितले.) तरी बाजाराच्या पोटात एक चांगली गोष्ट टिकून आहे. मुले शेजाऱ्यांची दारे ठोठावतात, शेजारी दार उघडून खाऊ देतात. वर्षभर ज्यांच्याशी बोलणे नाही त्यांचीही ओळख होते. आपण मात्र कपडे, केक आणि डीजे तेवढे घेतले, दार ठोठावणे राहून गेले. पार्टी क्लबहाऊसमध्ये, शेजारच्या फ्लॅटचे दार बंदच.

मेक्सिकोची रीत आम्हाला सर्वांत जवळची वाटते. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचे दिवस पाळतात. घरात फोटो मांडतात, गेलेल्या माणसाला आवडणारे पदार्थ ठेवतात आणि वाट दाखवायला झेंडूच्या पाकळ्या पसरतात. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू मूळचा तिकडचाच. २००८ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. पण मेक्सिको शहरातली या दिवसांची भव्य मिरवणूक २०१६ ची आहे. २०१५ च्या जेम्स बाँडपटात तशी काल्पनिक मिरवणूक दाखवली होती, ती पुढच्या वर्षी खरी निघाली. आज ती पाहणाऱ्या मुलांना ती पणजोबांच्या काळची वाटत असेल. परंपरा अशाही तयार होतात.

आशियात हा सण रस्त्यावर तरुणांच्या गर्दीचा झाला. टोकियोच्या शिबुया भागात तर २०२३ मध्ये नगराध्यक्षांनीच ‘हॅलोवीनला इकडे येऊ नका’ असे आवाहन केले. त्याला कारण होते. आदल्या वर्षी २९ ऑक्टोबरला सोलच्या इटेवॉन भागात एका अरुंद उताराच्या गल्लीत चेंगरून १५९ जण मेले, बहुतेक विशी-तिशीतले.

आता आपल्याकडे वळू. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तरुण मंडळी नरकासुराच्या राक्षसी प्रतिमा मिरवतात आणि पहाटे जाळतात. स्पर्धा, बक्षिसे, रात्रभराचे संगीत आणि सकाळी रस्त्यावर पडलेले सांगाडे, यांवर तिथेही तक्रारी होतातच. बंगालमध्ये भूतचतुर्दशीला चौदा दिवे लावतात, चौदा पालेभाज्या खातात. आपल्याकडे कोकणातल्या घरांत पायाखाली कारीट फोडतात. आणि सुरतेत काळी चौदसला शेजारच्या बेन वडे तळून चार रस्त्यावर ठेवतात, भोवती पाणी फिरवतात आणि मागे न बघता परततात. याला ‘ककळाट काढणे’ म्हणतात. ककळाट म्हणजे घरातली कटकट, भांडण. वर्षभराचे भांडण चार वड्यांत उंबऱ्याबाहेर घालवायचे, ही कल्पना आम्हाला फार आवडते. सुरतेत दोन-तीन पिढ्या काढूनही आपल्यातल्या किती घरांनी शेजाऱ्यांकडून ती उचलली?

पण हे सगळे निरागस आहे असे नाही. या रात्रीच्या नावावर भगत-तांत्रिकांचा धंदा चालतो. दिवाळीच्या सुमारास घुबडे पकडली जातात, मारली जातात. बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे प्रकार आपल्या देशात अजून घडतात. महाराष्ट्राने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला; गुजरात विधानसभेने तसा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला. प्लास्टिकचा सांगाडा आणि उसनी चेटकीण यांनी नुकसान झालेच तर खिशाचे होते. आपल्या गावठी भुताने माणसे मारली आहेत. म्हणून नातवाच्या काळ्या टोपीवर चिडणाऱ्या आजोबांनी आपल्या ओळखीत कोणी दुखण्यासाठी डॉक्टर सोडून भगताकडे जाते का, तिकडेही बघावे. नव्या कायद्याची माहिती मंडळाच्या सभेत वाचली गेली तर बरे होईल.

२०२६ मध्ये हॅलोवीन शनिवारी आहे आणि ८ नोव्हेंबरला, रविवारी, अभ्यंगस्नान. मधे एकच आठवडा आहे. आमची सूचना अशी, की मुलांना हवे ते सोंग घेऊ द्यावे, राक्षसाचे, चेटकिणीचे, नरकासुराचेही. पण पार्टीऐवजी त्यांना सोसायटीतली दारे वाजवायला पाठवावे. मोठ्यांनी डब्यातला चिवडा, शंकरपाळे काढून ठेवावेत. गुजराती, उडिया, राजस्थानी शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे, नाहीतर भर दिवाळीत दारात भूत पाहून कोणी तरी रखवालदाराला बोलवायचे.